हळू आवाजात वाचायचा भाग

पहिली गोष्ट, हे मी लिहीत नाही. मी सांगतोय आणि माझी मुलगी एस्तर लिहून घेतेय. चुका तिच्या आणि फुशारक्या माझ्या, असं आमचं ठरलंय. (आत्ताच ती म्हणाली, "फुशारक्या मी कापणार आहे, बाबा.")

दुसरी गोष्ट, ज्याचे डोळे नुकतेच जायला लागलेत, किंवा ज्याच्या घरातलं माणूस औषधानं भ्रमिष्ट होऊन इस्पितळाच्या खाटेला बांधलेलं आहे, त्याच्यासाठी हे सांगतोय. अशा लिखाणात धीर द्यायची पद्धत असते. माझ्याकडे धीर फारसा उरलेला नाही. जे झालं ते आहे, ते घ्या.

शनवारची गिरणी

आमची भातगिरणी वैशाखऱ्याला, माळशेजच्या रस्त्याला लागून. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. आजोबांचा तेलाचा घाणा होता. तो शनिवारी बंद असायचा, म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे. घाणा गेला, गिरणी आली, शनवार तेवढा राहिला. आजूबाजूच्या पाड्यांवरचा एकही माणूस शनिवारी भात घेऊन यायचा नाही. नवीन लग्न होऊन आलेल्या सुनेलासुद्धा सासू पहिल्या आठवड्यात सांगायची, "बेनीशेटची गिरणी शनवारी नाय चालत गो, त्यांचा देव झोपतो." बेनीशेट म्हणजे मी, बिन्यामीन. शेट म्हणण्यासारखं माझ्यात पोटाशिवाय काही नव्हतं.

आमच्या प्रार्थनाघराला जुनी माणसं मशीदच म्हणतात, मीही तेच म्हणतो. ती ठाण्याला. शनिवारी गाडीत बसायचं नाही, म्हणून जायचं असेल तेव्हा आम्ही शुक्रवारीच दुपारी निघून मावशीकडे मुक्काम ठोकायचो. शनिवारी तिथे तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, वाचतात, हातानं लिहिलेल्या गुंडाळीतून, हिब्रूत. दर आठवड्याला एक भाग, आणि वर्षभरात सगळी पुरी. भागाचे तुकडे करतात आणि एकेका तुकड्याला एकेकाचं नाव पुकारून वर बोलावतात. बोलावलेल्यानं आशीर्वाद म्हणायचा, मग वाचणारा वाचतो आणि हा बाजूला उभा राहतो. मोठा मान असतो. ज्याला बोलावलं नाही तो घरी जाऊन आठवडाभर बायकोशी भांडतो.

एक तुकडा मात्र असा आहे की त्याचा मान कुणालाच नको असतो. आमचं नवं वर्ष यायच्या थोडं आधी, भाद्रपदाच्या सुमाराला तो येतो. देवाचं ऐकलं नाहीत तर तुमच्यावर काय काय येईल, ते त्यात एकामागून एक सांगितलंय. दुष्काळ, गळवं, न बरी होणारी खरूज. मग वेड, आंधळेपणा आणि काळजाची दाणादाण. आंधळा अंधारात चाचपडतो तसे तुम्ही भर दुपारी चाचपडाल, असंही आहे. वाचणारा हा तुकडा आवाज खाली करून, भरभर वाचतो, जणू देवानंही फार लक्ष देऊ नये. आणि या तुकड्याला कुणाचं नाव पुकारत नाहीत. वाचणारा स्वतःच आशीर्वाद म्हणून स्वतःच वाचून मोकळा होतो.

आमच्याकडे वाचणारा म्हणजे हसकेलमामा. माझ्या आईचा धाकटा भाऊ. रेल्वेतून रिटायर होऊन आटगावला राहायचा. कित्येक वर्षं तो तुकडा मामानंच अंगावर घेतला होता.

त्या वर्षी मामानं माझं नाव पुकारलं.

मला वाटलं, चुकला. मी जागेवरच बसलो. त्यानं पुन्हा पुकारलं, माझ्या बापाच्या नावासकट. तो माझ्याकडे बघत नव्हता. पुकारल्यावर नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. गेलो, आशीर्वाद म्हटला, उभा राहिलो. मामानं पुटपुटत वाचलं. मला हिब्रू वाचता येतं, कळतं मात्र अर्धंच, त्यामुळे मी आरामात उभा होतो. वर बायकांच्या गॅलरीत माझी बायको रिबका होती. तिनं बाहेर आल्यावर विचारलं, "तुम्हालाच का?"

"मी उभा राहिलो की बरा दिसतो म्हणून."

ती हसली नाही.

लाल झाकण

दिवाळीनंतर गिरणीचा हंगाम. खळ्यांवरून भात यायला लागलं की जेवायला फुरसत नसते. त्यातच डावा डोळा दुखायला लागला. बुबुळ फिरवलं की आत कळ. मी म्हटलं, तूस गेलं असेल. गिरणीवाल्याच्या डोळ्यात तूस जाणं ही काही बातमी नाही. रिबकानं पाण्यानं डोळा धुतला, पापणी उलटून पाहिली, फुंकर घातली. "काही नाही आत," ती म्हणाली. मी म्हटलं, "बारीक असेल." न सापडलेलं ते तूस मी बरेच दिवस डोळ्यात घेऊन फिरलो. दुसऱ्या कुठल्या धंद्यातला माणूस डॉक्टरकडे गेला असता. मला माझ्या धंद्यानं कारण आयतं दिलं होतं.

शेवटी धोंडूनं ते पकडलं. धोंडू आमच्या शेजारचा शेतकरी, माझ्या वयाचा, तोंडानं फाटका. स्वतःचं भात कांडायला घेऊन आला होता. मी हलरपाशी, म्हणजे भात सडायच्या यंत्रापाशी, उभा होतो आणि तो मागच्या बाजूला, जिथे कोंडा पडतो तिथे.

"बेनीशेट, आज काय दानधर्म हाय का?"

"का रे?"

"तांदूल सगला कोंड्यात चाललाय. माझ्या म्हशी तुमाला दुवा देतील."

मी वाकून पाहिलं. मला कोंडा दिसला, नुसता भुरा ढीग. त्यातला पांढरा दाणा दिसेना. हात घातला तेव्हा बोटांना अख्खा तांदूळ लागला, मूठभर. धोंडू गप्प झाला. तो गप्प झाला की काहीतरी गंभीर असतं हे सगळ्या गावाला माहीत आहे.

कल्याणच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी औषधाच्या बाटलीचं लाल झाकण समोर धरलं. उजव्या डोळ्यानं लाल. डावा उघडा ठेवून विचारलं, "आता?"

"वीट," मी म्हणालो. "पाण्यात पडलेली."

त्यांनी बराच वेळ आत प्रकाश मारून पाहिला आणि म्हणाले, "डोळा चांगला आहे."

मी रिबकाकडे विजयानं बघितलं.

"डोळ्यामागची नस सुजलीय," ते पुढे म्हणाले. "मुंबईला जा, मोठ्या इस्पितळात. उद्याच."

डोळा चांगला आहे, हे वाक्य मला तेव्हापासून फार जणांनी ऐकवलं. अजूनही माझे डोळे चांगलेच आहेत. नवीन माणसाला कळतही नाही. बँकेत एक बाई मला रागावली होती, बघून सही करा म्हणून.

आमची जात

मुंबईला पोचलो तोवर उजव्या डोळ्यानंही लाल रंग सोडायला सुरुवात केली होती. आठवडाभरात समोरच्या माणसाचं तोंड गेलं, त्याची कड तेवढी राहिली. वॉर्ड म्हणजे मला आवाज आणि वास. फिनेलचा वास आला की सकाळ. स्टीलच्या पिंपाची कडी वाजली की चहा. चपला फटफट वाजल्या की वॉर्डबॉय, चपलांचा आवाज न होताच घोळका येऊन थांबला की मोठे डॉक्टर.

सलाइनमधून औषध द्यायला लागले. नसेची सूज उतरवायचं औषध. रिबका दुपारी ठाण्याला मावशीकडे आंघोळीला जायची, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या माणसाची बायको मला भरवायची. ती डोळखांबकडची, पारू नावाची. पहिल्या दिवशी घास पुढे करून तिनं विचारलं, "भाऊ, तुजी जात कोणची?"

"यहुदी."

"म्हंजे मुसलमान?"

"नाय."

"मंग ख्रिस्ताव."

"नाय."

"हिंदू पण नाय?"

"नाय."

ती विचारात पडली. मग म्हणाली, "जाऊ दे. आ कर."

त्या सगळ्या काळातला मला आठवणारा हा एकच चांगला घास. भाकरी नाचणीची होती.

पोळीचा डबा

पुढचं मला आठवत नाही. रिबकानं आणि पारूनं सांगितलं ते सांगतो. रिबकानं कमी सांगितलं, पारूनं जास्त.

औषधानं माझी झोप गेली. सुरुवातीला सगळ्यांना मजा वाटली, कारण मी गोष्टी सांगत होतो. आमच्या कुटुंबात गोष्टी सांगणारा मीच. लग्नात, बारशाला, रात्रभर. वॉर्डला मी सगळं सांगितलं, आजोबांचा घाण्याचा बैल, मामाची लग्नातली फजिती. मग मी थांबेना. गोष्टीतली माणसं खाटेभोवती येऊन बसली आहेत असं सांगायला लागलो.

आमच्या ग्रंथात बाबेलच्या एका राजाची गोष्ट आहे. तो गर्वानं फुगतो, म्हणून देव त्याची बुद्धी काढून घेतो आणि तो बैलासारखा गवत खात रानात फिरतो. ही गोष्ट मी पोरांना नेहमी सांगायचो, चावण्याचा आवाज काढून. वॉर्डात मी तो राजा झालो. पारूनं आणलेली कोथिंबिरीची जुडी दोन्ही हातांत धरून मी मुळासकट खाल्ली. सिस्टर धावून आली, तर पारू म्हणाली, "खाऊ दे गो, भाजीच हाय."

इथपर्यंत हसण्यासारखं आहे, म्हणून मी ते चारचौघांत सांगतो. पुढचं सांगत नाही. आज सांगतो.

रिबका डबा घेऊन आली. मी तिचा हात पकडून म्हणालो, "माझे डोळे तू या डब्यात ठेवलेस." ती म्हणाली, पोळ्या आहेत. मी म्हणालो, चोरटे, तू माझे डोळे काढून पोळ्यांखाली ठेवलेस, मी झोपलो होतो तेव्हा. सगळा वॉर्ड ऐकत होता. तिनं डबा उघडून माझा हात आत घातला. मी प्रत्येक पोळी उचलून खाली चाचपडलो आणि मग डबा रिकामा झाल्यावर रडायला लागलो. त्यानंतर मी तिच्या अंगावर गेलो. माझे हात बँडेजच्या पट्टीनं खाटेला बांधले.

मोठे डॉक्टर रिबकाला बाजूला घेऊन म्हणाले, हे औषधामुळे झालंय. औषध खाली आणलं तर डोकं ठिकाणावर येईल. पण डोळ्यांना जी काही आशा आहे ती याच औषधात आहे. खाली आणलं तर डोळ्यांचं सांगता येत नाही. तसं औषध चालू ठेवूनही सांगता येत नाही. तुम्ही विचार करा.

"विचार कुणाला विचारून करू?" रिबका म्हणाली. मी तर बाबेलचा राजा होतो.

एस्तर तेव्हा अकरावीत, गावी एकटी होती. मामाचा मोतीबिंदू नुकताच काढलेला, त्याला डोळ्यांना पट्टी. रिबका वॉर्डाबाहेरच्या बाकावर एकटी बसली. मग उठून गेली आणि डॉक्टरांना म्हणाली, "मला शहाणा आंधळा द्या."

त्यांनी तेच दिलं.

मामाचं ऑपरेशन

वेड उतरलं तसं मी विचारायला लागलो की उजेड कधी येणार. उजव्या डोळ्याच्या कडेला दाराच्या फटीतून यावा तेवढा राखाडी उजेड होता, बाकी नाही. मग एक दिवस मामा आला. त्याच्या काठीच्या आवाजावरून ओळखला.

"बेन्या, शुद्धीत आहेस का?"

"आजच्यापुरता आहे."

तो खाटेवर बसला. काठी खाटेला टेकवली. मग म्हणाला, "त्या शनिवारी तुला का बोलावलं, ते तू विचारलं नाहीस."

"मान दिलास असं समजलो."

"माझं ऑपरेशन ठरलं होतं रे. दोन्ही डोळ्यांचं. इतकी वर्षं तो तुकडा मीच घेतला, कधी भ्यालो नाही. त्या वर्षी मात्र त्या शब्दापाशी आपल्या नावानं उभं राहायची हिंमत होईना. म्हटलं, तू सगळ्याचा हसून निकाल लावतोस, तुला काय होतंय." त्यानं माझं मनगट धरलं. "माझ्यावरचं तुझ्यावर गेलं, बेन्या."

जे सुचलं ते बोललो. "आणि ऑपरेशन कसं झालं?"

"चांगलं झालं." तो आता रडत होता. "भिंतीवर पाल बसलीय ना, तिची बोटंसुद्धा दिसतात मला."

मी म्हणालो, "मामा, नसेची सूज आहे ही. डॉक्टर सांगतात."

"सूज कशानं आली?"

"त्याचं कारण सापडत नाही म्हणाले."

"बघ," मामा म्हणाला.

मला वाटलं होतं, रिबका मामावर चिडेल. ती चिडली नाही. मी इतक्या दिवसांत प्रथम तिच्या आवाजात जीव आलेला ऐकला. ती म्हणाली, "म्हणजे देवाचा न्याय आहे हा. मामा, चुकीच्या पत्त्यावर आलेलं परत जातं. तुम्ही मलिदा बोला."

हे तिला इतकं का हवं होतं, ते कळायला मला फार वेळ लागला. मी तेव्हा स्वतःच्याच अंधारात होतो. देवानं डोळे नेले असतील, तर त्या बाकावरून उठून तिनं ते घालवले नव्हते.

हिरवी साडी

मलिदा म्हणजे आमचा नवस. पोहे भिजवून त्यात गूळ आणि ओलं खोबरं घालायचं, वर फळं मांडायची आणि एलियाहू नबीचं नाव घ्यायचं. एलियाहू मेला नाही, तो जिवंतच वर गेला. म्हणून तो बोलावलं तर येतो, असं आम्ही मानतो. मी घरी आल्यावर मामानं आमच्या पडवीत मलिदा केला. गावातले शेजारी नेहमीसारखे आले. मामानं मोठ्यानं प्रार्थना म्हटली आणि मराठीत देवाला सांगितलं की जे माझं आहे ते मला दे, याला सोड.

मग सगळे थांबले.

तुम्ही कधी पाचपंचवीस माणसं आपल्या डोळ्यांकडे बघतायत असं अनुभवलंय का? दिसत नसलं तरी कळतं. धोंडू नाकानं श्वास घेतो, तो आवाजसुद्धा बंद झाला होता. मला वाटलं, मामा असाच उभा राहिला तर इथेच मरेल. मी म्हणालो, "थोडं दिसल्यासारखं वाटतंय."

रिबका एकदम जवळ आली. "माझी साडी कुठल्या रंगाची?"

राखाडी, सगळं राखाडी. मी म्हणालो, "हिरवी."

ती क्षणभर थांबली. "हो," ती म्हणाली, "हिरवीच."

पडवीत एकच कालवा झाला. मामा रडला, धोंडूनं दोन वेळा मलिदा घेतला.

(एस्तर लिहिता लिहिता थांबलीय. विचारलं तर म्हणते, "बाबा, आईची साडी तेव्हा पिवळी होती." मला वाटलंच होतं. पण आजवर कुणी सांगितलं नव्हतं.)

मला दिसत नव्हतं हे रिबकाला त्या क्षणी कळलं, आणि तरी ती पुढचे कितीतरी महिने बायकांना सांगत होती, येतंय हळूहळू. मी ऐकत होतो. दोघं एकमेकांसमोर खोटं धरून उभे होतो, लग्नातला अंतरपाट धरावा तसे.

गिरणी बंदच होती. एकदा धोंडू ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "बेनीशेट, आता रोजचाच शनवार झाला का?" दुसरं कुणी म्हणालं असतं तर मी काठी मारली असती. त्याच्याबरोबर मी हसलो. मग तो म्हणाला, पलीकडच्या पाड्यावर भगत आहे, कोंबडा लागेल. रिबका आतून म्हणाली, "आमचा देव दुसऱ्याचं मध्ये येणं खपवून घेत नाही, धोंडूभाऊ."

"मंग त्यालाच सांगा ना जरा लवकर कर म्हणून."

देवानं लवकर केलं. दोन हंगाम गेल्यावर पुन्हा डोळ्यामागे कळ आली, आणि दाराच्या फटीतला तो राखाडी उजेडही गेला. इस्पितळात या वेळी औषध बेतानंच दिलं. रिबकानं पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारलं, "तेव्हा पूर्ण दिलं असतं तर?" डॉक्टर नवे होते. ते प्रामाणिकपणे म्हणाले, "सांगता येत नाही."

सांगता येत नाही. ही शिक्षा दोघांपैकी कुणाला तरी होणार होती. डोळे देवानं नेले म्हटलं तर मामा आत, औषध कमी केल्यानं गेले म्हटलं तर रिबका. मामा आटगावहून यायचा बंद झाला. शुक्रवारी ठाण्याला जायचा, शनिवारी वाचायचा, पण आमच्या घराकडे फिरकायचा नाही. आणि रिबका पोळीच्या डब्याला झाकण लावताना आवाज होऊ द्यायची नाही. जपून, हळू दाबायची. मला ऐकू येऊ नये म्हणून. मला तेवढं एकच ऐकू यायचं.

पुकारणं

त्या वर्षी भाद्रपदात मी रिबकाला म्हटलं, ठाण्याला जाऊ. एस्तरकडून मी तो तुकडा कित्येकदा वाचून घेतला होता, हिब्रू आणि त्याचा मराठी अर्थ, शब्दागणिक. ती कंटाळून म्हणाली होती, "बाबा, दुसरं काही वाचू का, यात सगळे मरतातच." मला पाठ झाला.

मशिदीत आम्ही लवकर गेलो. मी मामाला शोधत पुढच्या बाकापर्यंत गेलो आणि म्हटलं, "मामा, आजचा तो तुकडा मला दे."

"गप बस, बेन्या."

"पुकार मला. माझ्या नावानं, माझ्या बापाच्या नावानं. या वेळी मी मागतोय."

बाजूच्या दोन म्हाताऱ्यांनी ऐकलं आणि वाद सुरू झाला. एक म्हणाला, आंधळ्याला वर बोलावता येत नाही, अक्षर डोळ्यानं बघावं लागतं. दुसरा म्हणाला, वाचणारा बघतोय ना, ह्यानं आशीर्वाद म्हणायचा नुसता. पहिला म्हणाला, नियम म्हणजे नियम. दुसऱ्यानं विचारलं, "मग तू जातोस का त्या तुकड्याला?" पहिला थोडा थांबून म्हणाला की काही ठिकाणी आंधळ्याला बोलावतात, असं त्यानंही ऐकलंय. आमच्या समाजात धर्माचा प्रश्न इतक्या लवकर सुटलेला मी दुसऱ्यांदा पाहिला नाही.

मामानं पुकारलं. कुणीतरी मला दंडाला धरून पायऱ्या चढवल्या. मी लाकडी कठड्याला हात लावला, आशीर्वाद म्हटला. मामा वाचायला लागला.

तो तुकडा हळू वाचतात, म्हणजे कुणाला नीट ऐकू येऊ नये. मला आता हळू आवाजच जास्त ऐकू येतात. दुष्काळ ऐकला. गळवं, खरूज. मग वेड. आणि तिथे मामा थांबला.

पुढचा शब्द येईना. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. गुंडाळीवर तो शब्द त्याला स्वच्छ दिसत असणार, त्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन फार चांगलं झालं होतं. वाचताना एखादा शब्द गाळून पुढे जाता येत नाही, एवढं मलाही ठाऊक आहे. सगळी मशीद थांबली होती. वर गॅलरीत बांगड्यासुद्धा वाजत नव्हत्या.

मी तो शब्द सांगितला. हळूच, पोराला वर्गात उत्तर सांगावं तसा. आंधळेपणा.

मामानं तो म्हटला. मग काळजाची दाणादाण म्हटली. मग भर दुपारचं ते चाचपडणं, आणि पुढचं सगळं. तो तुकडा फार लांब आहे.

संध्याकाळी मावशीकडे मामा माझ्या ताटात बोटं घालून काटे काढत बसला होता. मासे मला आता एकट्याला खाता येत नाहीत. रिबका पोळ्या वाढत होती. तिनं डब्याचं झाकण लावलं, खाडकन. पण म्हणून कुणाला काही परत मिळालं असं समजू नका. मला आजही दिसत नाही, दिसणार नाही, आणि हे कुणी का केलं ते मला ठाऊक नाही. कुणी केलंच नसेल तर ते मला जास्त जड जातं. निदान शिक्षा असती तर शिक्षा देणारा माझ्याकडे बघत असता.

तेव्हापासून दर वर्षी तो तुकडा माझा. मशिदीची एक अडचण कायमची मिटली, असं ते दोघं म्हातारे म्हणतात. शाप वाचून संपले की पुढच्या तुकड्याला दुसऱ्या कुणाचं नाव पुकारतात. तो वर येताना त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागतो, मग मी कठडा सोडतो आणि बाकांच्या पाठी मोजत आपल्या जागेकडे येतो. खिडकीजवळ पोचलो की हाताला ऊन लागतं. तेव्हा दुपार झालेली असते.